वेताळाचा चोविसावा प्रश्न

विक्रम-वेताळाच्या गोष्टी कुणी ‘चांदोबा’त वाचल्या असतील, कुणी १९८५ साली दूरदर्शनवर पाहिल्या असतील. त्यातला राजा कुठला असं विचारलं, तर बहुतेक जण उज्जैनचं नाव घेतील. सोमदेवाचं म्हणणं वेगळं आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सूर्यवती राणीचं मन रमावं म्हणून त्याने ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात वेताळाच्या गोष्टी सुरू होतात त्या गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीत, आणि तिथला राजा आहे त्रिविक्रमसेन. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. कृष्ण चतुर्दशीच्या काळ्याकुट्ट रात्री स्मशानात जाऊन झाडावरचं प्रेत पुन्हा पुन्हा खांद्यावर घेणारा तो हट्टी राजा मराठवाड्यातला निघाला!

पैठण म्हटलं की आपल्याला एकनाथ आठवतात, पैठणी आठवते, नाथसागर आठवतो. पण या गावाच्या नावावर जुन्या गोष्टींचं एक भलंमोठं भांडार जमा आहे, आणि त्यातल्या दोन गोष्टी माणसाच्या नेणिवेबद्दल जे सांगतात ते वाचताना अंगावर काटा येतो. माणूस स्वतःपासून काय लपवतो, लपवलेलं कुठून बाहेर पडतं, आणि ते ऐकून घ्यायला कुणी नसेल तर काय होतं, हे सगळं त्यात आहे.

आधी वेताळाच्या गोष्टीची सुरुवात पाहू, कारण मुलांना सांगताना आपण ती गाळतो. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येतो, राजाला एक फळ देतो आणि निघून जातो. राजा ते फळ न बघताच कोषाध्यक्षाच्या हातात ठेवतो. असं दहा वर्षं चालतं. एक दिवस पाळलेलं माकड मोकळं सुटून तिथे येतं. राजा ते फळ त्यालाच देऊन टाकतो. माकड फळ फोडतं आणि आतून एक अमूल्य रत्न बाहेर पडतं. राजा चमकून आधीच्या फळांची चौकशी करतो. कोषाध्यक्षाने ती खिडकीतून तशीच कोठारात टाकलेली असतात. दार उघडून पाहतात, तर फळं कधीच कुजून गेलेली आणि जमिनीवर रत्नांचा ढीग.

हाइनरिश त्सिमर हा जर्मन पंडित या दृश्यावर खिळला होता. तो संस्कृतचा प्राध्यापक आणि कार्ल युंगचा स्नेही. बायको ज्यू वंशाची म्हणून नाझींनी १९३८ मध्ये त्याची हायडेलबर्गची नोकरी काढून घेतली. तो ऑक्सफर्डमार्गे न्यूयॉर्कला पोचला आणि १९४३ मध्ये न्यूमोनियाने गेला. त्याच्या मागे राहिलेल्या कागदांतून जोसेफ कॅम्पबेलने १९४८ साली एक पुस्तक सिद्ध केलं. त्याचं नाव ‘राजा आणि प्रेत’ अशा अर्थाचं आहे, आणि नावातला राजा म्हणजे पैठणचा त्रिविक्रमसेन. त्सिमरच्या मते राजा म्हणजे तुम्ही-आम्हीच. आयुष्य रोज हातावर काहीतरी ठेवतं. आपण ते उघडून बघत नाही, मागे कुठेतरी टाकून देतो. टाकलेलं नाहीसं होत नाही, साठत राहतं. आणि तो साठा उघडकीला आणतं ते माकड. शहाण्या मंत्र्यांना दहा वर्षांत जे जमलं नाही ते एका चाळ्याने होऊन जातं.

यावर कुणी म्हणेल, ही झाली पंडिताची कल्पनाशक्ती. न उघडलेल्या फळांचं असं कोठार खरोखर माणसाच्या डोक्यात असतं का? १९११ साली जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद या डॉक्टराने एक किस्सा नोंदवला आहे. त्याची एक रुग्ण स्त्री नवं काहीही लक्षात ठेवू शकत नव्हती. रोज भेटणाऱ्या डॉक्टरचीही ती दर वेळी नव्याने ओळख करून घेत असे. एकदा क्लापारेदने बोटांच्या बेचक्यात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. ती कळवळली, आणि थोड्या वेळात सगळं विसरूनही गेली. पुढच्या भेटीत त्याने हात पुढे केला तेव्हा मात्र तिने आपला हात झटकन मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. फारच खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, कधी कधी लोकांच्या हातात टाचण्या असतात ना! टाचणीची आठवण तिच्याकडे नव्हती, पण टाचणीचं भय होतं. तिच्या जाणिवेला ज्याचा पत्ता नव्हता, ते तिचा हात चालवत होतं. हा किस्सा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ स्वतःच्या हाताकडे संशयाने बघत होतो.

आता दुसरी गोष्ट. माझ्या मते पैठणची सगळ्यात खोल गोष्ट हीच, आणि तिची चर्चा फार कमी होते.

सातवाहन राजा वसंतात राण्यांसह जलक्रीडा करत होता. पाणी उडवणं चाललं होतं. एक नाजूक राणी दमली आणि संस्कृतात म्हणाली की महाराज, पाण्याने मारू नका. ‘मा’ म्हणजे नको, ‘उदकैः’ म्हणजे पाण्याने. संधी होऊन तोंडातून निघालं ‘मोदकैः’. राजाने ऐकलं मोदक. लगेच सेवकांना सांगून त्याने मोदकांची ताटं मागवली. राणी हसली. पाण्यात मोदक कशाला, आणि तुम्हाला एवढा साधा संधीही कळत नाही, असं सगळ्यांसमोर बोलून गेली. सेवकही हसले.

सातवाहनांचे शिलालेख पाहिले तर ही फजिती किती खरी वाटते! नाणेघाटात काय, नाशिकच्या लेण्यांत काय, त्यांचा कारभार प्राकृतात आहे. घरात एक भाषा, प्रतिष्ठेची दुसरी, आणि त्या दुसरीत चारचौघांत झालेली चूक. इंग्रजीच्या एका वाक्यापायी वर्षानुवर्षं मान खाली घातलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

राजा मात्र नुसता खजील झाला नाही. तो महालात जाऊन पडला. जेवेना, बोलेना, विचारलेल्याला उत्तर देईना. सोमदेवाने त्याचं वर्णन चित्रातल्या माणसासारखा निश्चल असं केलं आहे. आता विद्या तरी मिळवावी नाहीतर मरण तरी, इतकं एकच त्याच्या मनात घोळत होतं. शर्ववर्मा आणि गुणाढ्य हे दोन मंत्री त्याच्याजवळ जाऊन बसले. या मुक्या राजाला बोलतं कशाने केलं? एका स्वप्नाने. शर्ववर्म्याने सांगितलं की मी स्वप्न पाहिलं. आकाशातून एक कमळ पडलं, एका दिव्य कुमाराने ते उमलवलं, आतून शुभ्रवस्त्रा स्त्री निघाली आणि महाराज, ती तुमच्या मुखात शिरली. हे ऐकून राजाने मौन सोडलं आणि विचारलं, विद्या यायला किती काळ लागतो?

व्याकरणाला बारा वर्षं लागतात, पण मी सहा वर्षांत शिकवीन, असं गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत. गुणाढ्य चिडला. तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा मी सोडून देईन, अशी प्रतिज्ञा त्याने केली. शर्ववर्म्याने पैज जिंकली आणि गुणाढ्य एका क्षणात मुका झाला. माणसांत बोलायला त्याच्याकडे भाषाच उरली नाही. तो विंध्याच्या अरण्यात गेला. तिथे त्याने पिशाचांची भाषा शिकून घेतली आणि सात वर्षांत, रानात शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहिली.

इथे थांबून व्हिएन्नाला जाऊ. १८८० च्या हिवाळ्यात योसेफ ब्रॉयर हा डॉक्टर एका एकवीस वर्षांच्या मुलीवर उपचार करू लागला. वडिलांच्या आजारपणात रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसून ती स्वतः कोसळली होती. हात लुळे पडत, नजर चळत असे. आणि एक विलक्षण गोष्ट घडली होती. जर्मन ही तिची स्वतःची भाषा, पण तिला ती बोलता येईना. दुसऱ्यांचं जर्मन तिला कळत होतं; ती स्वतः मात्र इंग्रजीतच बोलायची. एकदा कितीतरी दिवस तिला पाणी पिता येईना. ग्लास हातात घ्यायची आणि ओठांशी आला की ढकलून द्यायची. संमोहनाच्या गुंगीत एकदा तिने रागारागाने सांगून टाकलं की घरात राहणाऱ्या बाईचं कुत्रं ग्लासातून पाणी पिताना आपण पाहिलं होतं आणि शिष्टाचार म्हणून गप्प बसलो होतो. सांगून झालं, तिने पाणी मागितलं, आणि ग्लास ओठांशी असतानाच ती जागी झाली. या प्रकाराला तिनेच इंग्रजीत नाव दिलं, बोलण्याचा उपचार. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि त्याचा तरुण सहकारी सिग्मंड फ्रॉइड यांनी ‘ॲना ओ.’ या टोपणनावाखाली तिची हकिगत छापली. मनोविश्लेषणाचा उगम तिथे मानतात.

तिचं खरं नाव बेर्था पापेनहाइम. पुस्तकात ती बरी झाल्यासारखं दाखवलं आहे, पण तसं झालं नव्हतं. त्यानंतर तिला स्वित्झर्लंडमधल्या आरोग्यधामात ठेवावं लागलं. पुढे मात्र ती स्वतःच्या बळावर उभी राहिली आणि १९०४ मध्ये तिने जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना काढली. तिचं ते सगळं काम फ्रॉइडच्या चरित्रांत तळटीपेत ढकललं जातं, हे मला नेहमी खटकतं.

पण दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहा. एकीला स्वतःची भाषा परकी झाली, दुसऱ्याने तिन्ही भाषा टाकल्या. जे घराच्या, दरबाराच्या भाषेत बोलता येत नव्हतं ते दोघांनीही दुसऱ्याच भाषेतून बोलून दाखवलं. फ्रॉइडने पुढे चाळीसहून अधिक वर्षं हेच शिकवलं की नेणिवेची बोली वेगळी असते. स्वप्नं, जिभेच्या चुका, विसरणं, अकारण भीती, शरीराची दुखणी ही तिची अक्षरं. ‘स्वप्नांचा अर्थ’ या त्याच्या पुस्तकावर १९०० हे साल छापलेलं आहे. पहिल्या आवृत्तीच्या ६०० प्रती खपायला आठ वर्षं लागली. पिशाचभाषेला गिऱ्हाईक तेव्हाही कमीच होतं.

सातवाहनानेही ती घेतली नाही. गुणाढ्याने शिष्यांबरोबर ग्रंथ दरबारी पाठवला. भाषा पिशाचांची, लेखन रक्ताचं. धिक्कार असो, म्हणून राजाने तो परत पाठवला. मग गुणाढ्याने एका टेकडीवर अग्निकुंड पेटवलं. तो एकेक पान मोठ्याने वाचायचा आणि आगीत टाकायचा. शिष्यांखेरीज ऐकायला माणूस नव्हता. हरणं, डुकरं, म्हशी भोवती गोळा झाल्या आणि चारा विसरून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभ्या राहिल्या.

आणि इकडे राजा आजारी पडला! वैद्यांनी निदान केलं की महाराजांच्या ताटातलं मांस शुष्क आहे, त्यामुळे हा विकार. आचाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, व्याध असंच मांस आणतात. व्याधांना विचारलं तर ते म्हणाले, जनावरं चरतच नाहीत, एक ब्राह्मण टेकडीवर काही वाचून जाळतो आहे, ते ऐकत उभी असतात. राजा स्वतः तिथे गेला. सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेले एक लाख त्याने पदरात घेतले.

राजाने गोष्ट नाकारली आणि ती त्याच्याच पोटातून परत आली. वैद्यांचं निदान चूक नव्हतं, मांस खरंच शुष्क होतं. पण ते का शुष्क झालं याचा माग काढत काढत टेकडीवरच्या आगीपर्यंत जावं लागलं. फ्रॉइडने याला दमन केलेल्याचं परत येणं म्हटलं आहे. दाबलेली गोष्ट सरळ रस्त्याने येत नाही. ती आचाऱ्याकडून, व्याधाकडून, भलत्याच दारातून येते, आणि येते तेव्हा ओळखू येत नाही. मनोविश्लेषकाचं काम ताटापासून टेकडीपर्यंतचा तो प्रवास उलटा करण्याचं. त्याला वर्षं लागतात, आणि तोवर सहा लाख श्लोक जळून गेलेले असतात.

या सगळ्यावर एक जोरदार आक्षेप आहे. सेबास्तियानो तिंपानारो हा इटालियन भाषापंडित. हस्तलिखितांतल्या नकलनविसांच्या चुका तपासण्यात त्याची हयात गेली. १९७४ मध्ये त्याने फ्रॉइडच्या जिभेच्या चुकांवर एक पुस्तक लिहून म्हटलं की यातल्या पुष्कळ चुकांना दडलेली इच्छा वगैरे काही लागत नाही. सारखे ध्वनी, ओळखीचे शब्द, घाई, एवढं पुरतं. मोदकाचा किस्सा त्याच्या हाती लागला असता तर त्याने टाळीच वाजवली असती. राजाला संधी येत नव्हता, विषय संपला! फ्रॉइड मात्र अडून बसला असता, की बाबा रे, पण राणीचा नकार ऐकू न येता त्याजागी गोड खाऊच कसा ऐकू आला? माझं मत विचाराल तर चुकीपुरता तिंपानारो बरोबर आहे. चुकीनंतर राजाचं अन्न का तुटलं, हे मात्र व्याकरण सांगू शकत नाही.

दुसरा एक मोह टाळायला हवा, तो आपल्याच बाजूचा. हे वाचून ‘बघा, फ्रॉइडच्या आधी दोन हजार वर्षं आपल्याकडे सगळं होतंच’ असं म्हणावंसं वाटतं. नव्हतं. आपल्याकडे गोष्ट होती आणि ती सांगणाऱ्याची तीक्ष्ण नजर होती. रोज ठरलेल्या वेळी एका माणसाने कोचावर आडवं होऊन मनात येईल ते बोलायचं, दुसऱ्याने त्याच्या मागे, नजरेआड बसून ऐकायचं, ही पद्धत व्हिएन्नाची. तिच्या उणिवाही व्हिएन्नाच्याच.

मात्र बोलण्याची एक जागा पैठणने स्वतः तयार केली होती, आणि ती फार गमतीची आहे. सोळाव्या शतकात इथे एकनाथ होऊन गेले. त्यांच्या भारुडांत जोशी येतो, आंधळा येतो, जोगवा मागणारी येते, भूत लागलेला माणूसही येतो. त्यांच्या नावावर असलेलं भवानीच्या रोडग्याचं भारूड तुम्ही ऐकलं असेल. एक सासुरवाशीण देवीला रोडगा कबूल करते आणि त्या बदल्यात मागते काय, तर सासऱ्याचा काटा निघावा, सासूचा निकाल लागावा, जावेचं कुंकू पुसलं जावं, नणंदेच्या पोराला खरूज व्हावी. नवऱ्यालाही ती सोडत नाही. शेवटी म्हणते, मला एकटीला राहू दे. कीर्तनकार याचा पारमार्थिक अर्थ उलगडून सांगतो: ही सगळी मायेची, विकारांची नाती, ती तुटोत आणि जीव मोकळा होवो. अर्थ बरोबरच आहे. पण मांडवातल्या बायका हसतात त्या परमार्थाला नव्हे. विनोदावरच्या १९०५ च्या पुस्तकात फ्रॉइड म्हणतो की जे बोलायला मनाचा पहारेकरी बंदी करतो ते विनोदाच्या वेषात सुटून जातं, आणि दाबून ठेवायला लागणारी शक्ती एकदम मोकळी झाली की ते हसू होऊन बाहेर पडतं. शेजारी सासू बसलेली असताना सुनेला मोठ्याने हसता यावं, आणि सासूलाही, कारण तीही कुणाची तरी सून होती, ही सोय नाथांनी करून ठेवली. ती त्यांनी पूर्ण जाणिवेने केली असणार असं मला वाटतं. इतका सूक्ष्म कारागीर नकळत एवढं करत नाही.

परत स्मशानात जाऊ. त्या फळवाल्या भिक्षूच्या सांगण्यावरून राजाने प्रेत खांद्यावर घेतलं आहे आणि आतला वेताळ गोष्ट सांगतो आहे. त्याची अट आठवा: उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. आणि बोलला की मौन मोडलं म्हणून वेताळ परत झाडावर. मनोविश्लेषकाच्या खोलीतला पहिला नियमही असाच असतो. मनात आलेलं लपवायचं नाही. तिथेही आवाज पाठीमागून येतो, आणि तिथेही माणूस त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जातो.

सहावी गोष्ट तर थेट फ्रॉइडच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन आली आहे. देवळात नवऱ्याने स्वतःचं शिर कापून वाहिलं. ते पाहून मेव्हण्यानेही तेच केलं. त्याची बायको मदनसुंदरी गळफास घ्यायला निघाली तेव्हा देवी प्रसन्न झाली आणि म्हणाली, शिरं धडांना जोड. घाईत तिने नवऱ्याचं शिर भावाच्या धडाला आणि भावाचं शिर नवऱ्याच्या धडाला लावलं. आता नवरा कोण? राजा म्हणाला, नवऱ्याचं शिर ज्याला आहे तो, कारण अवयवांत शिर श्रेष्ठ. १९४० मध्ये टॉमस मान या जर्मन कादंबरीकाराने या कथेवर कादंबरी लिहिली आणि ती त्सिमरला अर्पण केली. त्याच्या चारच वर्षं आधी, फ्रॉइडच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त व्हिएन्नात भाषण करणारा मान हाच. त्याच्या कादंबरीत भावाच्या जागी मित्र आहे. गिरीश कर्नाडांनी तिथून धागा उचलून ‘हयवदन’ लिहिलं, आणि चिं. त्र्यं. खानोलकरांच्या अनुवादातून, विजया मेहतांच्या दिग्दर्शनातून ते मराठी रंगभूमीवर आलं. गोदाकाठच्या राजाला विचारलेलं कोडं जर्मन आणि कन्नड करून मराठीत परत आलं! मान आणि कर्नाड दोघांनाही राजाचं उत्तर पटलेलं नाही. शिर श्रेष्ठ असतं तर प्रश्न कधीच मिटला असता. त्यांच्या नायिकेला धडही हवं आहे, आणि घाईतला तिचा हात कदाचित तिच्यापेक्षा जास्त जाणत होता.

चोवीस वेळा राजा प्रेत उचलतो. तेवीस प्रश्नांची उत्तरं देतो. चोविसावी गोष्ट अशी. एक सरदार आणि त्याचा मुलगा यांना रानात दोन स्त्रियांच्या पावलांचे ठसे दिसतात. त्या मायलेकी असणार असं ते ओळखतात आणि ठरवतात की मोठ्या पावलांची बापाने करायची, लहान पावलांची मुलाने. त्या सापडतात तेव्हा कळतं की आईचीच पावलं लहान आहेत. शब्द दिलेला असतो. बाप मुलीशी लग्न करतो, मुलगा आईशी. दोघींना मुलं होतात. वेताळ विचारतो, ती मुलं एकमेकांची कोण?

राजा गप्प बसतो. उत्तर त्याच्याकडे नाही.

नात्यांच्या नेमक्या याच गुंत्यावर फ्रॉइडने आपलं सगळं शास्त्र उभं केलं. ऑक्टोबर १८९७ मध्ये त्याने मित्राला पत्रात लिहिलं की आईवरचं प्रेम आणि बापाचा मत्सर मला माझ्यातही सापडला, आणि ईडिपस या ग्रीक राजाच्या नाटकाची पकड त्यामुळेच आहे. पण ईडिपस हा कोडं सोडवणारा वीर. त्याने स्फिंक्सला उत्तर दिलं आणि त्याच उत्तराच्या वाटेने तो आईच्या शेजेवर पोचला. १९०६ मध्ये शिष्यांनी फ्रॉइडला पन्नाशीनिमित्त पदक दिलं, त्यावर स्फिंक्ससमोर उभा असलेला ईडिपस कोरलेला होता. आपल्याकडच्या राजाला गुंत्याच्या तोंडाशी आणून उभं केलं जातं आणि तो वाचतो तो उत्तर न दिल्यामुळे.

भारतात हा ईडिपस-गंड वेगळ्या वळणाने जातो का, हा वाद जुना आहे. १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढणारे गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइडला पत्रातून स्पष्ट कळवलं होतं की माझे रुग्ण तुमच्या रुग्णांसारखे नाहीत. इथल्या पुरुषांत स्त्री होण्याची इच्छा अधिक सहज सापडते. इरावती कर्व्यांनी १९५० साली लंडनच्या ‘मॅन’ या नियतकालिकात ईडिपस कथेच्या मराठी रूपावर टिपण लिहिलं. ए. के. रामानुजन यांनी तो धागा पुढे नेला. त्यांना उत्तर कर्नाटकात मिळालेल्या कथेत दैवाने मुलाशी लग्न लागलेली आई पाळण्यातल्या बाळाला जोजवताना त्याला मुलगा म्हणते, नातू म्हणते आणि नवऱ्याचा भाऊही म्हणते. वेताळाने पैठणच्या राजाला जे विचारलं होतं, ते त्या बाईने अंगाईत मोजून दाखवलं. फरक असा की तिथे कथा मुलाची नाही, आईची आहे.

राजाच्या मौनाने वेताळ प्रसन्न होतो आणि पहिल्यांदा सरळ बोलतो. तो रोज फळ आणणारा सात्त्विक भिक्षू तुझा बळी देणार आहे. तो दंडवत घालायला सांगेल तेव्हा म्हण, मी राजा आहे, मला येत नाही, तू करून दाखव. आणि तो वाकला की तलवार चालव. राजा तसंच करतो. रात्रभर ज्याचं ओझं भयाण वाटत होतं ते प्रेत हितचिंतक ठरलं आणि दहा वर्षं ज्याच्यावर विश्वास टाकला तो घातकी निघाला. मनोविश्लेषणाच्या शंभर पुस्तकांनी अजून याच्यापुढे फारसं काही सांगितलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

वर मागायची वेळ आली तेव्हा राजाने राज्य मागितलं नाही. या गोष्टी जगभर पसराव्यात, एवढंच त्याने मागितलं, आणि त्या पसरल्या. गुणाढ्याची मूळ ‘बृहत्कथा’ आज कुठेही उपलब्ध नाही. सोमदेवाचा, क्षेमेंद्राचा आणि इतरांचा आधार घेऊनच आपण तिच्याकडे पाहतो. ‘कथासरित्सागर’ मात्र मराठी अनुवादात मिळतो. वेताळाचा भाग मुलांसाठी म्हणून बाजूला ठेवू नका. आधी स्वतः वाचा, न उघडलेल्या फळापासून सुरुवात करा, आणि चोविसाव्या गोष्टीपाशी उत्तर शोधायची घाई करू नका.